आग त्यांची, मत माझं

मालिका चालू असताना मी बोलतो, हा आमच्या घरातला जुना आरोप आहे. आरोप खरा आहे. पण मी काय बोलतो याची चौकशी आजवर कोणी केलेली नाही. मी विमा कंपनीच्या दावे विभागात आहे. कुठे आग लागली, चोरी झाली, भिंत पडली की तिथे जायचं. आग लागली की लावली, आणि भिंत पडली ती आधीपासूनच पडायच्या बेतात होती का, हे बघायचं. हे माझं पोटापाण्याचं काम. असा माणूस संध्याकाळी घरी येऊन, हातपाय धुऊन सोफ्यावर बसला आणि समोर टीव्हीवर अख्खा कारखाना जळत असला, तर तो गप्प कसा बसेल?

मालिकेचं नाव मी सांगत नाही. का सांगत नाही ते पुढे कळेल. नायकाचा कारखाना जळतो, एवढं पुरे. नायक धुराकडे बघत उभा राहतो. काजळी त्याच्या एकाच गालाला लागते, तीही बेताने. दुसऱ्या दिवशी घरातले सगळे इस्त्रीचे कपडे घालून दिवाणखान्यात हजर, आणि एकमेकांवर संशय घेणं सुरू. पंचनामा नाही. विमा कंपनीला साधा फोन नाही. मी एवढंच म्हणालो, "अगं, पण सर्व्हेअर कुठे आहे?"

"कोण?" बायकोने टीव्हीवरची नजर न काढता विचारलं.

"सर्व्हेअर. एवढा मोठा कारखाना जळाला आणि पाहणीला कोणी..."

"अहो, ती काय म्हणाली ते ऐकूच आलं नाही तुमच्या नादात. तुमचं जे काय आहे ते बाहेर जाऊन बोला."

माझी मागणी खरं तर फार मोठी नव्हती. माझं म्हणणं कोणीतरी एकदा, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, मध्ये "बरं मग?" न म्हणता ऐकावं, एवढीच इच्छा. ऑफिसात साहेब "मुद्द्यावर या" म्हणतात. दावेदारांना मंजूर की नामंजूर एवढ्यातच रस असतो. घरी मालिका असते. माणसाने उरलेलं बोलणं न्यायचं कुठे?

मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी राहते. तिला फोनवर हे सगळं ऐकवत होतो, तर ती म्हणाली, "बाबा, तुम्ही याचे व्हिडिओ करून टाका ना. चॅनल काढा. लोक ऐकतात असलं." तिचं दूध उतू जात होतं आणि तिला फोन ठेवायचा होता, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मात्र आपल्या गुणांची कदर निदान पुढच्या पिढीला आहे, असं समजून मी कामाला लागलो.

बाहेर जाऊन बोलायचं म्हणजे आमच्याकडे गॅलरीत. मागे वाळत घातलेले टॉवेल, पुढे स्टुलावर काचेची बरणी, बरणीला टेकवलेला फोन. चॅनलचं नाव ठेवलं 'पाहणी अहवाल'. पहिल्या व्हिडिओसाठी कारखान्याची आग हवी होती. ती मी पुन्हा दाखवतात तेव्हा दाराआड उभं राहून टीव्हीवरून टिपली, पहिल्या ठिणगीपासून शेवटच्या धुरापर्यंत. आमच्या धंद्यात अर्धवट पुरावा चालत नाही. मध्ये एकदा कुकरची शिट्टी झाली, पण ती आगीत शोभून गेली. एवढं सगळं दाखवल्यावर शेवटी मी टॉवेलांसमोर येऊन म्हणालो, "प्रेक्षकहो, या प्रकरणात पाहणी झालेली नाही. ही गंभीर बाब आहे." आणि नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओच्या साइटचा निरोप आला. तुमच्या व्हिडिओत दुसऱ्याच्या मालकीचा भाग आढळला असून मालकाने दावा केला आहे. 'दावा' हा शब्द वाचून आधी तर मला माहेरी आल्यासारखं वाटलं. मग लक्षात आलं की दावा माझ्यावर आहे. आयुष्यभर मी दाव्याच्या पलीकडच्या बाजूला बसलो, आणि आता हे.

सल्ला मागायला मी कोणाकडे गेलो नाही. सल्ला आपल्या पायांनी आला. आमच्या इमारतीत पुकारेकाका राहतात. हे त्यांचं आडनाव नव्हे. ते कोर्टाच्या दाराबाहेर उभे राहून पक्षकारांची नावं पुकारायचे, त्यातच त्यांची नोकरी संपली. आतला एकही खटला त्यांनी ऐकलेला नाही, कारण ते दाराबाहेर होते. पण कायद्याच्या इतक्या जवळ इतकी वर्षं उभं राहिलं की थोडा कायदा अंगाला लागतोच, असं त्यांचं मत आहे. शिवाय आवाज अजून तोच. माझा कॉपीराइटचा प्रश्न त्यांनी जिन्यात उभं राहून सोडवला तेव्हा तो सगळ्या मजल्यांवर एकदमच पोचला.

"सात सेकंद चालतात," काका म्हणाले.

"सातच का?"

"आठ झाले की चोरी. साधी गोष्ट आहे."

खालच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर आहेत. माझी दाढ ठणकत होती म्हणून गेलो, तर तोंडात आरसा घालून ते म्हणाले, "तुमचं ऐकलं बरं का मी. खाली एक ओळ टाका. सर्व हक्क मूळ मालकाचे, आमचा कोणताही वाईट हेतू नाही. झालं." मला पुष्कळ शंका होत्या, पण तोंड उघडं असूनही बोलता येत नाही अशी जगात एकच जागा आहे, आणि मी तिथेच बसलो होतो. घरी येऊन विचार करायला हवा होता. माझा वाईट हेतू नव्हता असं भिंतीवर लिहून गेलेल्या चोराचं प्रकरण माझ्या टेबलावर आलं असतं, तर मी काय म्हणालो असतो? पण दाढ काढल्यावर माणूस फार विचार करत नाही.

तिसरा सल्ला पार्लरवाल्या वहिनींचा. "व्हिडिओ आरशातल्यासारखा उलटा करा. आणि आवाज थोडा पळवा. तिकडे माणसं नसतात हो बघायला, मशीन असतं. त्याला ओळखूच येत नाही."

मी भिडस्त माणूस आहे. एकाचा सल्ला घेतला आणि दुसऱ्याचा नाही, असं करणं मला जमत नाही. तिघांचेही घेतले. आगीचे सात-सात सेकंदांचे तुकडे केले. पण पुरावा पूर्ण हवा, म्हणून सगळेच तुकडे ओळीने ठेवले आणि प्रत्येक दोन तुकड्यांच्या मधे क्षणभर स्वतःचा चेहरा लावला. त्यामुळे कारखाना उचक्या देत जळू लागला. मग सगळं उलटं केलं. कारखान्याची पाटी वाचता येईना आणि नायकाची काजळी दुसऱ्या गालावर गेली. आवाज पळवल्यावर 'ही गंभीर बाब आहे' हे वाक्य डब्यात अडकलेल्या चिमणीने म्हटल्यासारखं झालं. खाली डॉक्टरांची ओळ टाकली. वर, लोकांना सापडावं म्हणून, मालिकेचं नाव ठळक अक्षरांत घातलं. टाकल्या टाकल्या मुलीचा फोन आला. "बाबा, तब्येत बरी आहे ना? तोंड एका बाजूला गेल्यासारखं दिसतंय. आणि असं का बोलताय?"

मशीनने मला ओळखलं की नाही ते कळलं नाही, पण माणसाने नक्की ओळखलं. व्हिडिओ काढून टाकला गेला आणि चॅनलवर स्ट्राइक आला. असे तीन झाले की चॅनल कायमचं बंद. म्हणजे आत मालिका आणि बाहेर बंदी. मला बोलायला जिना तेवढा उरला असता, आणि जिन्यात काका असतात.

मी रीतसर हरकत घ्यायचं ठरवलं. हरकत कशी लिहावी हे मला कोणी शिकवायला नको. दाव्यात पहिला प्रश्न मालकीचा. म्हणून मी टीव्ही विकत घेतल्याची पावती जोडली. केबलचं ताजं बिल जोडलं. टीव्हीशेजारी उभा राहून माझा फोटो जोडला, त्यात टीव्हीवर मालिका चालू दिसेल अशी खबरदारी घेतली. 'सदर आग ही माझ्या मालकीच्या दूरचित्रवाणी संचावर, माझ्या राहत्या घरी लागलेली असून' अशी सुरुवात करून दोन्ही बाजू भरून मजकूर लिहिला. मला वाटलं, आता काय बिशाद आहे.

उत्तर आलं: 'आपण सादर केलेलं स्पष्टीकरण ग्राह्य धरता येत नाही.' हे वाक्य मी ओळखतो. शब्दांच्या थोड्याफार फरकाने ते माझंच आहे. इतकी वर्षं मी ते लोकांना पाठवत आलो, पण वाचणाऱ्याला ते कसं लागतं हे त्या दिवशी कळलं. खाली सही नाही, नाव नाही, भेटीची वेळ नाही. आम्ही निदान शिक्का मारतो.

मग मी अर्ध्या दिवसाची रजा काढून थेट मालिकावाल्या कंपनीच्या ऑफिसात गेलो. याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात. आत काचेची दारं, थंडगार हवा, आणि एका बाकावर माझ्याच वयाची माणसं रांगेने बसलेली. एवढ्या लोकांवर दावे झालेत हे बघून मला धीर आला आणि मीही शेवटी जाऊन बसलो. माझा नंबर आल्यावर एका मुलीने मला आत नेलं, दिव्याखाली उभं केलं, हातात कागद दिला आणि म्हणाली, "आजोबा, तुम्हाला कळलंय की मुलाने घर विकलं. छातीत कळ येते. एवढंच वाचा."

मी वाचलं. मग म्हणालो, "घर विकायला आजोबांची सही लागेल ना? घर आजोबांच्या नावावर आहे."

"आजोबा, तुम्ही फक्त कळ द्या."

"कळ देतो. पण आधी मालकी स्पष्ट व्हायला हवी."

दिव्यामागून कोणीतरी म्हणालं, "चेहरा चांगला आहे, पण बोलतात फार." मला पुन्हा बाहेर काढण्यात आलं. म्हणजे या मालिकेमुळे मी घराबाहेर गेलोच होतो, आता मालिकेच्याही बाहेर गेलो. शेवटी दारावरच्या रखवालदाराला साइटचा निरोप दाखवला, तेव्हा त्याने मला कायदा विभागात सोडलं. तिथे एक तरुण वकीलबाई डबा उघडून बसल्या होत्या.

"टीव्हीची पावती तुम्हीच का पाठवली होती?" त्यांनी माझ्याकडे नीट बघत विचारलं. "तुमचा फोटो इथे सगळ्यांनी पाहिलाय."

मी माझी बाजू मांडली. सात सेकंदांची मर्यादा पाळली होती, असं सांगितलं.

"सेकंदांचा असा काही नियमच नाही, काका."

"श्रेयही दिलं होतं. खाली स्पष्ट लिहिलं होतं."

"श्रेय देणं हा सभ्यपणा झाला. परवानगी नव्हे."

"आणि उलटंही केलं होतं."

त्यांनी घास खाली ठेवला. "काका, कोणी तुमची गाडी चोरली आणि उलटी चालवत नेली, तर तुम्ही दावा मंजूर कराल का?"

मी नाही म्हणालो. बाई जरा मवाळ झाल्या आणि त्यांनी मला फेअर यूज, म्हणजे न्याय्य वापर समजावून सांगितला. दुसऱ्याचं काम न विचारता थोडं वापरता येतं, पण चार गोष्टी बघतात. कशासाठी घेतलं. मूळ वस्तू कशा प्रकारची आहे. त्यातलं किती घेतलं. आणि तुमचं बघितल्यावर मूळचं बघायची गरजच संपते का.

"तुम्ही अख्खी आग दाखवलीत आणि शेवटी दोन वाक्यं बोललात. ज्याला आग बघायची तो तुमच्याकडेच बघेल, आमच्याकडे कशाला येईल? आणि वर आमचं नाव एवढं मोठं, की लोकांना वाटावं आमचाच भाग आहे. टीका करायचीय ना? खुशाल करा. ज्यावर बोलायचंय तेवढाच तुकडा दाखवा, थांबवा, बोला. मग पुढचा. तुमचं बोलणं हवं, आमची आग नको."

माझं बोलणं हवं, असं मला त्याआधी कोणी म्हणालं नव्हतं. मी सावरून विचारलं, "एवढं पाळलं की सुटलो ना?"

"तसं सांगता येत नाही. प्रत्येक प्रकरण वेगळं. त्याच्या त्याच्या गुणावगुणांवर."

हे ऐकून मला भरून आलं. आमच्या विभागाचं ब्रीदवाक्य असतं तर हेच असतं. मी म्हणालो, "हे एवढं लिहून द्या."

"ते तुम्हाला कोणीही लिहून देणार नाही," असं म्हणून बाईंनी डबा पुन्हा पुढे ओढला. पण तो व्हिडिओ पुन्हा टाकणार नाही एवढ्या कबुलीवर त्यांनी तक्रार मागे घेतली. तेव्हापासून मी मालिकेचं नाव घेत नाही. घेतलेलं चालतं म्हणे, पण ताकही फुंकून प्यावं.

यानंतरचे माझे दिवस फार थाटाचे गेले. आग थोडी आणि मी पुष्कळ, असे व्हिडिओ निघू लागले. नायिकेची सासू जिन्यावरून पडली तो प्रसंग मी तुकडा दाखवून थांबवला आणि पायऱ्यांची संख्या, पडण्याचा कोन व मनगटाचं प्लास्टर यांचा मेळ बसत नाही हे साधार दाखवून दिलं. इमारतीत मी कॉपीराइटचा जाणकार म्हणून वावरू लागलो. दातांच्या डॉक्टरांनी दवाखान्याचा एक व्हिडिओ टाकला होता. त्यातला तुकडा घेऊन कोणीतरी त्यांच्या यंत्राच्या आवाजाची टर उडवली. डॉक्टर चिडले होते. मी जिन्यात त्यांना अडवून सांगितलं, "डॉक्टर, टीका हा लोकांचा हक्क आहे. ज्याच्यावर होते त्याने मन मोठं ठेवायचं असतं." माणसाने असली वाक्यं जपून बोलावीत.

कारण त्याच आठवड्यात पुकारेकाकांनी जिन्याच्या तळातून मला हाक मारली. "काय हो, काल वहिनींनी तुम्हाला चांगलंच धुतलं."

"कोणी?"

"आमच्या वहिनींनी. तुमच्या हिने. नवा व्हिडिओ पाहिला नाहीत?" वरच्या एका दारामागे कोणीतरी हसलं. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं.

चॅनलचं नाव होतं 'आतल्या खोलीतून'. चेहरा दिसत नाही. दोन हात दिसतात, वाटाणे सोलणारे, आणि समोर बरणीला टेकवलेला फोन. बरणीही माझीच. फोनवर मी बोलत असतो. मी थोडा बोललो की एक अंगठा पुढे येतो, मला थांबवतो, आणि तो आवाज येतो जो मी लग्नापासून ओळखतो.

"यांनी पायऱ्या मोजल्या. बरोबर मोजल्या. पण सासू पडली तेव्हा सुनेने आधी गॅस बंद केला आणि मग धावली, ते यांना दिसलं नाही. म्हणजे तिने ढकललेलं नाही. ढकलणारी बाई गॅस बंद करायला थांबत नाही."

हे इतकं खरं होतं की माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी पाहणी अधिकारी, आणि गॅसची शेगडी माझ्या नजरेतून सुटली. पुढे तर कहर होता. "आता हे म्हणतील, थोडक्यात सांगतो." मग मी येतो आणि म्हणतो, "थोडक्यात सांगतो." वाटाणे सोलले जात राहतात. बऱ्याच वेळाने अंगठा येतो. "हे थोडक्यात होतं." माझे व्हिडिओ बघणारी माणसं एका रिक्षात मावली असती. हिच्या व्हिडिओंखाली लोक लिहीत होते, ताई, अजून टाका.

मुलीला फोन केला. "तूच शिकवलंस ना तिला?"

"आईने विचारलं, मी सांगितलं. तुम्हालाही मीच सांगितलं होतं, बाबा."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण स्वाभिमान म्हणून काही असतं. चेहरा माझा, आवाज माझा, टॉवेल माझे. परवानगी विचारली नाही. मी साइटवर तक्रारीचं पान उघडलं. माझ्या एका तक्रारीने हिचा व्हिडिओ उडाला असता, तीन तक्रारींत चॅनल. मला बाहेर काढणारीला मीही बाहेर काढू शकत होतो. मात्र पाहणीशिवाय दावा टाकायचा नाही हे माझं तत्त्व. म्हणून दुपारच्या सुट्टीत ऑफिसात कानाला वायर लावून मी हिचे सगळे व्हिडिओ तपासायला बसलो.

दोष सापडेना. जेवढ्यावर बोलायचं तेवढंच घेतलेलं. दाखवलं, थांबवलं, बोलली, पुढे गेली. वकीलबाई असत्या तर त्यांनी हिची पाठ थोपटली असती. दोनदा मी फोनला "अगं, पण" म्हणालो. शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने वर बघितलं. ही मात्र थांबली नाही, तिचं वाक्य पुरं करूनच पुढे गेली. लग्नानंतर तिची इतकी वाक्यं मी सलग ऐकली नव्हती. ती चांगली बोलते. मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. साइट आपल्याला एक रेघ दाखवते, बघणारे कुठपर्यंत टिकले त्याची. माझी रेघ गच्चीवरून पडलेल्या कुंडीसारखी येते. मी नमस्कार करून बसेपर्यंत लोक गेलेले असतात. त्यामुळे व्हिडिओच्या शेवटी मी काय बोलतो ते मलाही नीट आठवत नाही. ही मात्र शेवटची वाक्यंसुद्धा घेऊन त्यांवर बोलत होती.

आणि मग दोष सापडला. एका व्हिडिओत हिने माझा मोठा भाग सलग घेतला होता, न थांबवता, त्यावर एक शब्दही न बोलता. उघड उघड मर्यादाभंग. मी सरसावून ऐकू लागलो. फोनमधला मी टॉवेलांसमोर बसून सांगत होतो:

"एकदा एका जळालेल्या घराची पाहणी होती. बाई एकट्याच राहायच्या. आम्ही सगळ्यांना विचारतो तो प्रश्न विचारला, आग लागली तेव्हा आपण कुठे होता? लोक एका शब्दात उत्तर देतात. बाई म्हणाल्या, खरंच सांगू? आणि सांगत राहिल्या. घर कधी घेतलं, पडदे कोणी शिवले, नवरा कुठल्या खिडकीशी बसायचा. मी पेन मिटून ठेवलं आणि उन्हं उतरेपर्यंत ऐकत बसलो. नियमात त्याला जागा नाही. त्या दिवशी घरी येऊन आमच्या हिला हे सांगायचं होतं, पण त्या दिवशीचा भाग महत्त्वाचा होता. असो. मुद्दा असा, की या मालिकेत एवढा कारखाना जळाला, पण नायकाच्या आईला कोणी विचारलं नाही की तू तेव्हा कुठे होतीस."

त्यानंतर मी रेकॉर्डिंग बंद करायला धडपडतो, एक टॉवेल पडतो, तेही सगळं तिने ठेवलं होतं. अंगठा पुढे आलाच नाही. वाटाणे सोलायचा आवाज मध्येच कुठेतरी थांबला होता. हात ताटात तसेच होते. व्हिडिओ तिथेच संपला.

प्रकरण पक्कं होतं. मजकूर माझा, घेतला जास्त, टिप्पणी शून्य. तक्रारीच्या पानावर कारणाच्या चौकटीत मी 'टिप्पणी केलेली नाही' एवढं टंकलं आणि थांबलो. कारण ते खोटं होतं. माझ्या बोलण्यावर इतकी सविस्तर टिप्पणी आजवर कोणीच केली नव्हती. मला फार बरं वाटलं, आणि ते कोणाला दिसू नये म्हणून मी फाइलमध्ये तोंड घातलं. पान बंद केलं ते नंतर, साहेबांनी "मुद्द्यावर या" म्हटल्यावर.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा मालिका चालू होती. मी हातपाय धुऊन सोफ्यावर बसलो. पडद्यावर नायक विहिरीतून दोर न लावता वर आला, तरी मी काही बोललो नाही. जाहिरात लागली तेव्हा बायको वळून म्हणाली, "बरं नाही का वाटत?"

"बरं आहे."

"मग विहिरीबद्दल काही म्हणाला नाहीत ते."

"तू ऐकतेयस ना. संपू दे तुझं."

तिने जाहिरातीचा आवाज कमी केला. मग म्हणाली, "त्या बाईंचं पुढे काय झालं?"

"कोणत्या?"

"पडदेवाल्या. दावा मंजूर झाला का त्यांचा?"

"झाला," मी म्हणालो. "उशिरा झाला. पण झाला."

"हे व्हिडिओत का नाही सांगितलंत?"

"पुढचं कोणी विचारेल असं वाटलं नव्हतं."

जाहिराती संपल्या. मालिकेतल्या दिवाणखान्यात सगळे एकदम दाराकडे वळले, वाद्यं वाजू लागली आणि दार हळूहळू उघडू लागलं. तिने रिमोट उचलून टीव्ही बंद केला आणि पाय वर घेऊन माझ्याकडे तोंड करून बसली. "आता सांगा," ती म्हणाली. "पहिल्यापासून. थोडक्यात नको."

त्या दारातून कोण आलं, ते आम्हा दोघांनाही अजून माहीत नाही.